कुळाच्या हक्कावर पाचशेच्या बाँडचा बोळा फिरत नाही

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातली साधारण दीड एकर भातशेती आणि तिला लागून असलेली वरकस (डोंगरउताराची) जमीन आमचे आजोबा खंडाने कसायचे, मग वडील, आता आम्ही. सातबाऱ्यावर इतर हक्कात आजोबांचं नाव 'कूळ' म्हणून आहे. खंड भाताच्या रूपात जायचा. १९९०च्या आसपास मालकांनी तो नेणं बंद केलं. मालकांची मुलं मुंबईत असतात. त्यांना जमीन एका विकासकाला द्यायची आहे. मध्यस्थाने पाचशेच्या बाँडवर करार आणलाय. त्यात लिहिलंय की आम्ही कूळ नाही, मालकांच्या परवानगीने ११ महिन्यांच्या मुदतीवर जमीन सांभाळत होतो. कूळ कायद्याखालचे सगळे हक्क सोडले. ६ लाख घेऊन ताबा देतो. तहसीलदारांकडे जाणार नाही. वाद झालाच तर मुंबईत लवाद. चुलतभावाने १ लाख घेऊन त्यावर आणि सोबतच्या कुलमुखत्यारपत्रावर सही केली, नोटरीही झाली. आम्हा बाकीच्यांना रविवारी बोलावलंय. मध्यस्थ म्हणतो, 'दोघांच्या राजीखुशीचा करार कायद्याच्या वर असतो.' हे खरं आहे का?

उत्तर: नाही. रविवारी कशावरही सही करू नका. 'फक्त हजर होतो म्हणून सही', 'पैसे मिळाल्याची पावती', 'संमतीपत्र', खरेदीखतात 'मान्यता देणार' म्हणून नाव, यातलं काहीच नको. आणि शेतातला ताबा एक दिवसही सोडू नका.

आता कारण सांगतो, कारण मध्यस्थ वाद घालणार आणि तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे.

कोकणाला लागू असलेला कायदा म्हणजे १९४८चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. आधी नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात अगदी सुरुवातीला ज्या जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण मिळालं, त्यात हा दुसऱ्या क्रमांकावर आहे. मालक आणि कूळ समोरासमोर बसले की कूळ कमी ताकदीचं असतं, ते हवी तिथे सही देतं, हे गृहीत धरूनच तो लिहिला गेला. कायदा आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गावोगाव 'राजीखुशीचे राजीनामे' लिहून घेतले गेले, इतके की दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतही अशा राजीनाम्यांबद्दल शंका नोंदवली गेली. म्हणून हक्क सोडायची वाट कायद्याने मुद्दाम अरुंद ठेवली आहे. त्या वाटेने न जाता लिहिलेला कागद हक्क संपवत नाही.

भारतीय करार कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्या कराराचा उद्देश कायद्याने मनाई केलेला आहे, किंवा जो चालू दिला तर एखाद्या कायद्याची तरतूद निष्फळ होईल, तो करार रद्दबातल. एखादा हक्क केवळ एका माणसाच्या सोयीसाठी असेल तर तो माणूस तो सोडू शकतो. पण समाजाच्या धोरणासाठी दिलेला हक्क खाजगी कागदावर सोडता येत नाही. आणि 'तू सही केलीस, आता फिरू नकोस' हा मुद्दा कायद्याच्या स्पष्ट तरतुदीपुढे टिकत नाही. उलट दिशेने मात्र करार चालतो: कूळ कायद्याचं कलम ३० सांगतं की करार, वहिवाट किंवा हुकूमनामा यांतून कुळाला कायद्यापेक्षा जास्त काही मिळालं असेल तर ते हा कायदा काढून घेत नाही. म्हणजे करार कुळाला कायद्याहून जास्त देऊ शकतो, कमी देऊ शकत नाही.

तुमच्याकडे आलेला कागद कलमाकलमाने पाहू.

'आम्ही कूळ नाही, परवानगीने सांभाळत होतो.' कूळ कोण हे कागदावरच्या नावाने ठरत नाही. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो, जर मालक स्वतः ती कसत नसेल आणि कसणारा तीन अपवादांत बसत नसेल: मालकाच्या कुटुंबातला माणूस; पगारी नोकर किंवा मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूर; आणि ताबा-गहाण घेतलेला सावकार. नोकराच्या अपवादातली बारीक अट लक्षात ठेवा. मजुरी रोख किंवा वस्तूत असली तरी चालते, पण पिकाच्या हिश्श्यात असली तर तो माणूस नोकर ठरत नाही. म्हणून अर्धेलीने कसणाऱ्याला 'नोकरनामा' लिहायला लावून काही साधत नाही. चौकशीत प्रश्न येतात ते असे: बियाणं कोणाचं, नांगरणी कोणी केली, भात लावायचं की नाचणी हे कोणी ठरवलं, पाऊस गेला तेव्हा तोटा कोणी सोसला, पीक कोणाच्या खळ्यावर गेलं. याची खरी उत्तरं तुमच्या बाजूची असतील तर 'सांभाळत होतो' हा शब्द तग धरत नाही.

'११ महिन्यांची मुदत.' ११ महिने लिहायची सवय नोंदणी कायद्यामुळे लागली. वर्षाहून कमी मुदत असली की भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागत नाही. पण कूळ कायद्याचं कलम ४ब सांगतं की करारातली किंवा वहिवाटीची मुदत संपली एवढ्याच कारणाने कुळवहिवाट संपत नाही. ११ महिने लिहा की ११ दिवस, या कायद्यापुढे फरक पडत नाही.

'६ लाख घेऊन ताबा देतो.' कलम २९ चा दुसरा भाग: कुळाच्या ताब्यातली जमीन मालकाला तहसीलदारांच्या हुकुमाशिवाय घेता येत नाही. पैसे दिले, पंचांसमोर दिले, बँकेतून दिले, तरीही नाही. हुकुमाशिवाय ताबा घेणाऱ्यावर दंडाची तरतूद आहे आणि त्याने लावलेलं पीकही जप्त होऊ शकतं.

'तहसीलदारांकडे जाणार नाही, मुंबईत लवाद.' करार कायद्याचं कलम २८ म्हणतं की हक्कासाठी दाद मागण्याची वाटच बंद करणारी अट रद्दबातल. लवादाचं म्हणाल तर अमुक माणूस कूळ आहे की नाही हे ठरवण्याचं काम कलम ७०ब ने तहसीलदारांना दिलंय आणि कलम ८५ ने दिवाणी न्यायालयालाही त्यातून वगळलंय. जे दिवाणी न्यायाधीश ठरवू शकत नाहीत ते खाजगी लवाद कुठून ठरवणार? विशेष कायद्याने संरक्षण दिलेल्या आणि ठरावीक न्यायासनाकडेच सोपवलेल्या भाडेकरूच्या बेदखलीचे वाद लवादाकडे जाऊ शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे.

'सगळे हक्क सोडले.' इथे जरा थांबायला हवं, कारण हक्क सोडायची एक खरी वाट कायद्यात आहे आणि मध्यस्थ तिचाच आधार सांगेल. कलम १५ प्रमाणे कूळ मालकाच्या लाभात राजीनामा देऊ शकतं. अट दुहेरी आहे: राजीनामा लेखी हवा, आणि तहसीलदारांसमोर त्याची पडताळणी व्हायला हवी. पडताळणी म्हणजे 'समक्ष सही केली' असा शिक्का नव्हे. तहसीलदारांनी कुळाला कागदातला मजकूर आणि त्याचे परिणाम समजावून द्यायचे, ते स्वखुशीने देतंय का याची खात्री करायची आणि आपला निष्कर्ष त्या राजीनाम्यावरच लिहायचा. हे टप्पे औपचारिक नाहीत, सक्तीचे आहेत. ते पाळले नाहीत तर राजीनामा राजीनामा राहत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५चा निकाल आहे. नोटरी, सरपंच, पोलीस पाटील, तलाठी किंवा मंडळ अधिकारी यांची सही तहसीलदारांच्या पडताळणीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय खरा राजीनामा झाला तरी मालकाला जमीन ठेवता येते ती कायद्याने ठरवलेल्या मर्यादेतच.

आता तुमच्या बाबतीतला सगळ्यात मोठा मुद्दा. आजोबा १ एप्रिल १९५७ रोजी ती जमीन कूळ म्हणून कसत होते का? ते पत्रात नाही, आणि सगळं त्यावर फिरतं. त्या दिवसाला कृषक दिन म्हणतात. कलम ३२ प्रमाणे त्या दिवशी कुळाने जमीन मालकाकडून विकत घेतली असं कायद्यानेच मानलं. मालकाकडे उरला तो किंमत मिळण्याचा हक्क. आजोबा त्या दिवशी कूळ असतील आणि कोणताही अपवाद लागत नसेल, तर मालकांच्या मुलांकडे विकायला जमीनच नाही. तुमच्याकडून राजीनामाही घेता येत नाही, कारण कूळ-मालक हे नातं त्याच दिवशी संपलं. राहिलंय ते फक्त कलम ३२ग खालचं किंमत ठरवण्याचं काम, जे कोकणात असंख्य सातबाऱ्यांवर आजही अर्धवट पडून आहे.

किंमत किती? कायम कुळासाठी खंडाच्या सहापट. साध्या कुळासाठी जमिनीच्या 'आकारा'च्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, किमान २० पट, कमाल २०० पट, शिवाय मालकाने बांधलेली विहीर-बांध, त्याने लावलेली झाडं आणि कायदेशीर थकीत खंड यांची रक्कम. सातबारा काढा आणि 'आकार' बघा. समजा तो ४ रुपये ५० पैसे आहे. मग मूळ किंमत ९० ते ९०० रुपयांच्या दरम्यान. हे आकडे बघितले की तुम्हाला ६ लाख का देऊ केले जातायत ते कळेल. ही रक्कम मालकांच्या खिशातून जाणार नाही, विकासकाच्या सौद्यातून निघणार आहे, आणि ती तुमच्या जमिनीची किंमत म्हणून ठरलेलीच नाही.

'तीस वर्षं खंड दिला नाही, कूळपण गेलं' असंही ऐकवलं जाईल. १९५७ मध्ये खरेदी झाली असेल तर त्यानंतर खंडच लागत नाही. झाली नसेल तरी कलम १४ प्रमाणे थकबाकीमुळे कुळवहिवाट आपोआप संपत नाही. मालकाला तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग तहसीलदारांकडून हुकूम घ्यावा लागतो. अशी नोटीस कधी आली होती का, घरातल्या ट्रंका उघडून बघा.

अपवाद मात्र नीट तपासा, इथे खोटा धीर देणं बरोबर नाही. १ एप्रिल १९५७ ला मालक विधवा, अज्ञान, मानसिक किंवा शारीरिक अपंग किंवा सैन्यात असेल, तर कलम ३२फ प्रमाणे खरेदी पुढे ढकलली जाते आणि नंतर कुळाने मुदतीत सूचना द्यायची असते. मालकाने छोटा जमीनदार म्हणून कलम ८८क चं प्रमाणपत्र घेतलं असेल, जमीन देवस्थानाची किंवा न्यासाची असेल (८८ब), किंवा नगरपालिका हद्दीतली असेल, तर गणित बदलतं. कुळवहिवाट १९५७ नंतर सुरू झाली असेल तर कलम ३२ओ लागू होतं आणि तिथे एका वर्षाच्या मुदतीचा प्रश्न येतो. यातलं काही निघालं तर कूळ कायद्याचं काम नियमित करणाऱ्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय अर्ज करू नका. पण यातल्या कुठल्याही अपवादाने नोटरीचा करार वैध होत नाही, हे पक्कं धरा.

चुलतभावाचं काय? सगळ्यात आधी कुलमुखत्यारपत्र. मला त्या करारापेक्षा हा कागद जास्त घातक वाटतो. त्यात बहुतेक 'महसूल कार्यालयात माझ्या वतीने जबाब देणे, अर्ज मागे घेणे, संमती देणे' असे अधिकार असतील. कलम ३२ग च्या चौकशीत कूळ हजर राहिलं नाही किंवा 'मला खरेदी करायची नाही' असा जबाब आला, तर शेतजमीन न्यायाधिकरण (म्हणजे त्या भूमिकेतले तहसीलदारच) खरेदी निष्प्रभ झाल्याचं जाहीर करू शकतं. म्हणजे जे काम बाँड करू शकत नाही ते मुखत्याराचा एक जबाब करू शकतो. भावाने याच आठवड्यात मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख करावा, मुखत्याराला आणि मालकांना पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी, आणि त्याची प्रत तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी आणि दुय्यम निबंधक यांच्याकडे देऊन प्रत्येकाचा आवक शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. मुखत्यारपत्र 'रद्द न होणारे' असं लिहिलं असलं तरी थांबू नका. नोटीस द्या आणि मजकूर वकिलाला दाखवा.

भावाची सही तुम्हा बाकीच्यांना बांधत नाही. आजोबांचा हक्क सगळ्या वारसांकडे येतो, लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणी धरून. त्यांना वगळून कोणी एकाने 'कुटुंबातर्फे' केलेली सही कुटुंबाची होत नाही.

१ लाख घेतले ते? करार रद्दबातल निघाला की त्यातून मिळालेला लाभ परत करायची जबाबदारी येते, हे करार कायद्याचं कलम ६५. ते पैसे खर्च झाले असतील तर जुळवाजुळव सुरू करा. परत करताना रोख देऊ नका; धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) किंवा बँकेतून द्या, सोबत 'करार रद्दबातल असल्याने रक्कम परत' असं पत्र जोडा. त्यांनी नाकारलं तर नाकारल्याचा पुरावा जपा. पैसे परत करायला वेळ लागतोय म्हणून मुखत्यारपत्र रद्द करायचं थांबवू नका.

हे सगळं वाचून एक गैरसमज होऊ शकतो, तो दूर करायला हवा. कागद रद्दबातल आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं नाही. 'आम्ही कूळ नाही' या वाक्याखाली तुमची सही असली तर ती कबुली म्हणून तुमच्याविरुद्ध पुढे केली जाते. ती खोडता येते, पण खोडायचं ओझं तुमच्यावर येतं आणि त्यात वर्षं जातात. शिवाय त्याच कागदाच्या जोरावर फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) टाकून इतर हक्कातलं कुळाचं नाव कमी करण्याचा प्रयत्न होतो. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि एकदा नाव गेलं की पुढचा खरेदीदार 'मला कूळ दिसलंच नाही' म्हणायला मोकळा.

आणखी एक वाट इथे जास्त वापरली जाते. मालक दिवाणी न्यायालयात दावा लावतो, कुळाकडून तडजोडपत्र दाखल करून घेतो, आणि न्यायालयाचा हुकूमनामा मिळतो. कागदावर न्यायालयाचा शिक्का आला की लोक घाबरतात. पण तडजोड कायदेशीर असेल तरच तिच्यावर हुकूमनामा करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये स्पष्टीकरणच आहे की करार कायद्याखाली रद्दबातल असलेला करार कायदेशीर मानायचा नाही. समन्स आलं तर घरी ठेवून देऊ नका. हजर व्हा, 'आम्ही कूळ आहोत' हा मुद्दा लेखी कैफियतीत घ्या आणि कलम ८५अ प्रमाणे तो तहसीलदारांकडे पाठवून दावा तोपर्यंत थांबवावा असा अर्ज द्या.

आता कामाला लागा, आणि क्रम मोडू नका.

आधी कागद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून १९५० पासूनचे हस्तलिखित सातबारे काढा. त्यातही १९५५-५६, ५६-५७ आणि ५७-५८ या तीन वर्षांची पीक पाहणी, म्हणजे गाव नमुना १२, कुठल्याही परिस्थितीत हवी. त्या वेळच्या पाहणीत कसणाऱ्याचं नाव आणि 'रीत' असा रकाना असे. रीत १ म्हणजे मालक खुद्द. तिथे कसणारा म्हणून आजोबांचं नाव आणि मालकाऐवजी दुसऱ्याने जमीन कसल्याची रीत दिसली तर तो तुमचा सर्वात भक्कम कागद. सातबाऱ्यावर वर्तुळात जे फेरफार क्रमांक असतात त्या प्रत्येकाची गाव नमुना ६ ची नक्कल काढा. ३२ग ची चौकशी पूर्वी सुरू होऊन बंद पडली असेल, किंवा ८८क चं प्रमाणपत्र असेल, तर ते बहुधा इथेच सापडतं. काही जुने अभिलेख शासनाच्या संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत, पण तिथे नाही दिसलं म्हणजे नाहीच असं समजू नका. कक्षातून 'आढळ होत नाही' असं उत्तर मिळालं तर ते लेखी घ्या आणि माहिती अधिकारात अर्ज करा. घरातून खंडाच्या पावत्या, मनीऑर्डरची कुपनं, लेव्हीच्या (सरकारला सक्तीने घातलेल्या धान्याच्या) पावत्या, सोसायटीच्या पीक कर्जाचे उतारे, त्या जमिनीतल्या घराची घरपट्टी गोळा करा. मालक खंडाची पावती देत नसत ही सर्वांची तक्रार असते. पावती देणं कलम २६ ने मालकावर बंधनकारक होतं, तेव्हा पावती नाही याचा दोष कुळाच्या माथी मारू देऊ नका.

मग तलाठ्याकडे लेखी हरकत. मजकूर साधा ठेवा: अमुक गट क्रमांकात आमच्या आजोबांचं नाव कूळ म्हणून आहे, तहसीलदारांच्या हुकुमाशिवाय ते कमी करणारा किंवा जमीन हस्तांतरित करणारा कोणताही फेरफार प्रमाणित करू नये, नोंद आल्यास आम्हाला नोटीस द्यावी. फेरफार आलाच तर नोटिशीच्या १५ दिवसांत हरकत द्या. मग तो तक्रार नोंदवहीत, म्हणजे ६अ मध्ये जातो आणि मंडळ अधिकारी परस्पर प्रमाणित करू शकत नाही. आजोबा आणि वडील वारले आहेत, तर वारस नोंदही कुळाच्या रकान्यात करून घ्या. हे इतकी वर्षं राहून गेलेलं दिसतं.

विकासकालाही पत्र पाठवा. त्याचा वकील 'शोध अहवालासाठी' वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल, तिच्या मुदतीत लेखी हरकत द्या. एकदा त्याला तुमची हरकत पोचली की 'मला माहीत नव्हतं' हा बचाव जातो. तो शेतकरी नसेल तर त्याच्यापुढे कलम ६३ ही उभं आहे: विकास आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या आणि इतर सवलतीतल्या जमिनी सोडल्या, तर बिगरशेतकऱ्याच्या नावाने शेतजमिनीची विक्रीच काय, विक्रीचा लेखी करारही वैध नाही. समजूतदार विकासक इथेच थांबतो.

त्यानंतर मुख्य अर्ज, तहसीलदार तथा शेतजमीन न्यायाधिकरण यांच्याकडे. आजोबा १९५७ला कूळ होते याचा पुरावा असेल तर कलम ३२ग खाली किंमत ठरवण्याचा अर्ज. मालक कूळपणच नाकारत असतील तर सोबत ७०ब खाली कूळ असल्याचं ठरवून मागा. सगळे वारस अर्जदार करा. मालकाचे सगळे वारस सामनेवाले करा. एक जरी राहिला तरी नोटीस बजावणीतच प्रकरण अडकतं, आणि हे होतंच होतं. ताबा जैसे थे ठेवण्याचा हुकूम त्याच अर्जात मागा. तारखेला कोणी ना कोणी हजर राहा आणि प्रत्येकाचा जबाब स्पष्ट द्या: खरेदी करायची आहे. जबाब वाचून मगच सही करा. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ६० दिवस असतात, त्यापुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण.

मधल्या काळात कोणी जबरदस्तीने ताबा घेतला, कुंपण घातलं, जेसीबी आणला, तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार आणि तारखेसह छायाचित्रं. कलम २९ खाली ताबा परत मागायला दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षं आहेत म्हणून थांबायचं नसतं. तोवर जमिनीचं रूप बदलून टाकलेलं असतं. आणि यंदाचं पीक घ्याच. नापेर ठेवलेल्या शेतात 'ताबा आमचाच होता' हे सांगणं जड जातं. ई-पीक पाहणीत मालकाने स्वतःच्या नावाने पीक लावलंय का तेही बघा. लावलं असेल तर तलाठ्याकडे लेखी तक्रार द्या. सातबाऱ्यावरच्या कब्जेदाराशिवाय दुसरं कोणी कसत असेल तर तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा असतो, तशी मागणी करा.

मालक लोकांचीही एक बाजू आहे. कूळ लागेल या भीतीने अनेक जण जमीन पडीक ठेवतात, कोणाला कसायला देत नाहीत, आणि त्यात भूमिहीनांचंच नुकसान होतं. ही अडचण खरी आहे; नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला तो त्यासाठीच. पण बदल करायचा तर तो विधिमंडळाने. नोटरीच्या टेबलावर एकेका कुळाकडून कायदा रद्द करून घ्यायची पद्धत चालू दिली, तर ज्या घरात शिकलेलं कोणी नाही तिथे हा कायदा शिल्लकच राहणार नाही.

हे कलम क्रमांक पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर महाराष्ट्रासाठी आहेत. मराठवाड्यात १९५०चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९५८चा वेगळा कायदा चालतो. तिथल्या वाचकांनी आपापल्या कायद्यातली कलमं आणि तारखा पाहाव्यात.

किंमत भरल्यावर कलम ३२म चं प्रमाणपत्र मिळेल. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि लगेच फेरफार करून घ्या, म्हणजे नाव कब्जेदार सदरी येईल. तेव्हा हाच मध्यस्थ नवा कागद घेऊन येईल: साठेखत, विसार पावती, पुन्हा मुखत्यारपत्र. अशा जमिनीला कलम ४३ ची अट असते. परवानगीशिवाय केलेली विक्रीच नव्हे, विक्रीचा करारसुद्धा अवैध ठरतो आणि जमीन हातची जाऊ शकते. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आता पूर्वपरवानगी लागत नाही, पण विक्रीआधी आकाराच्या ४० पट नजराणा (सरकारजमा रक्कम) भरावा लागतो आणि घेणारा शेतकरी असावा लागतो. नजराण्याचं चलन हातात येईपर्यंत विसार घेऊ नका.